वास येतो म्हणजे क्लोरीन कमी पडतंय

मे महिन्यात माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. शाळांना सुट्टी, टँकवर पोरांची झुंबड, आणि फोनवर सोसायटीचे सेक्रेटरी नाहीतर एखाद्या काकू. तक्रार एकच. "मॅडम, तुमच्या माणसाने क्लोरीन जास्त टाकलंय. नुसता वास मारतोय. पोरांचे डोळे लालबुंद झालेत." मी जाते, पाणी तपासते आणि सांगते, की क्लोरीन कमी पडलंय, आज रात्री बरंच टाकावं लागेल. समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग मामांकडे. मामा म्हणजे तिथला पंप सांभाळणारे. मामांनी मान डोलावली, की मग कुठे त्याचा विश्वास बसतो.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. करताना पुढे टँकची कंत्राटं घेईन असं काही डोक्यात नव्हतं. पण बाणेर, वाकड, खराडी असं करत पुणे चारी अंगांनी वाढलं, बिल्डरांच्या माहितीपत्रकांवर निळंशार पाणी छापलं गेलं, आणि लोक राहायला आल्यावर लक्षात आलं, की ते पाणी आपणहून निळं राहत नाही. आमचा धंदा त्यातून उभा राहिला. या धंद्यात एक गोष्ट मी पक्की धरून आहे. टँकच्या पाण्याबाबत नाक फसवतं, डोळे फसवतात, आणि नीट वापरली नाही तर तपासणीची पेटीसुद्धा फसवते.

आधी नाकाचं बघू. टँकचा म्हणून जो उग्र वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो चांगल्या, कामाच्या क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगाला चोपडलेलं तेल, सनस्क्रीन, हे सगळं पोहणाऱ्याबरोबर पाण्यात उतरतं. त्यातल्या अमोनियाशी आणि युरियाशी क्लोरीनची गाठ पडली, की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. आम्ही बोलताना मोकळं क्लोरीन आणि अडकलेलं क्लोरीन असंच म्हणतो. अडकलेल्याची जंतू मारायची ताकद मोकळ्याच्या मानाने फार थोडी. वास आणि जळजळ मात्र सगळी त्याची. त्यातलं ट्रायक्लोरामाइन तर पाण्यात थांबतही नाही. वायू होऊन वर येतं आणि पोहणारा जिथे तोंड वर काढून श्वास घेतो, नेमकं तिथेच पाण्यालगत रेंगाळतं. क्लबहाऊसमधल्या बंदिस्त टँकवर खोकल्याची उबळ येते ती त्यामुळे. अशा ठिकाणी एक्झॉस्ट पंख्याचं महत्त्व क्लोरीनइतकंच, आणि वीजबिल वाचवायला बंद केलेला असतो तोही नेमका पंखाच.

लघवीचं नाव काढलं की लोक हसण्यावारी नेतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे चक्क मोजून दाखवलं. शीतपेयांत आणि साखरमुक्त गोड पदार्थांत अ‍ॅसिसल्फेम-के नावाचं एक कृत्रिम गोड रसायन असतं. ते शरीरात पचत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. टँकमध्ये ते किती सापडतं यावरून त्यांनी हिशोब केला. ८ लाख ३० हजार लिटरच्या एका टँकमध्ये सुमारे ७५ लिटर लघवी निघाली. हा आकडा मी एका सोसायटीच्या बैठकीत सांगितला, तेव्हा जरा वेळ कोणी बोलेना. मग एका आजोबांनी हळूच विचारलं, "आपल्याकडे किती असेल हो?" मी म्हटलं, "ते मोजायची सोय माझ्याकडे नाही. पण क्लोरामाइन मोजता येतं, आणि ते वाढलंय." तेव्हापासून तिथे शॉवरखाली मिनिटभर अंग धुतल्याशिवाय कोणाला टँकमध्ये सोडत नाहीत. 'आम्ही घरून अंघोळ करूनच आलोय' हे कारण चालत नाही. घरून चालत येतानाचा घाम कुठे जातो?

अडकलेलं क्लोरीन मोडायचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. ते जितकं असेल त्याच्या साधारण दहापट मोकळं क्लोरीन एका दमात द्यावं लागतं. चिमूट-चिमूट वाढवत नेलं, तर क्लोरामाइनच वाढत जातं आणि वास आणखी उठतो. म्हणून दिवस मावळल्यावर, टँक बंद करून, पंप चालू ठेवून मोठा डोस द्यायचा. सकाळी मोकळं क्लोरीन ३ पीपीएमपर्यंत उतरलं असेल तर कुलूप काढायचं, नसेल तर थांबायचं. वास गेलेला असतो. काकू भेटल्या की म्हणतात, "बघा, क्लोरीन कमी केल्यावर कसं बरं वाटतंय." मी वाद घालत नाही.

आता पेटी. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकापासून जुन्या टँकवाल्यांपर्यंत सगळ्यांना ओटी टेस्ट ठाऊक असते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नळाच्या पाण्याला ते चालून जातं, कारण त्यात सहसा कोणी पोहलेलं नसतं. टँकच्या पाण्यात मोकळं आणि अडकलेलं दोन्ही मिळून तोच पिवळा रंग देतात, त्यामुळे निव्वळ क्लोरामाइनने भरलेलं पाणीही ओटीवर झोकात पास होतं. म्हणून आम्ही डीपीडीच्या गोळ्या वापरतो. पहिल्या गोळीने मोकळ्या क्लोरीनचा गुलाबी रंग येतो. तो आकडा लिहून घ्यायचा आणि त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकायची. रंग जितका गडद झाला तितकं अडकलेलं. हा फरक ०.४ पीपीएमच्या वर गेला, की रात्रीच्या डोसची तयारी.

यात हाताची शिस्त लागते. पाणी वरवरचं घ्यायचं नाही. हात कोपरापर्यंत बुडवून, ताजं पाणी जिथून टँकमध्ये येतं त्या तोंडापासून लांब जाऊन घ्यायचं. गोळी बोटांत धरायची नाही, वेष्टनातून थेट नळीत पाडायची आणि प्लॅस्टिकच्या काडीने चुरडायची. नळी उजेडाकडे धरून रंग लगेच वाचायचा. आणि सगळ्यात मोठी फसगत इथेच आहे: क्लोरीन फारच जास्त झालं असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो. नळी पुन्हा स्वच्छ पांढरी. नवखा पोरगा वहीत 'शून्य' लिहितो आणि आणखी दोन कॅन ओततो. रंग असा चमकून गेल्यासारखा वाटला, तर एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा बघायचं आणि येईल त्या आकड्याला पाचने गुणायचं.

पीपीएम म्हटलं की कमिटीवाले बिचकतात. हजार लिटरला एक ग्रॅम, एवढंच ते आहे. सोसायटीचा नेहमीचा टँक धरा: २० मीटर लांब, १० मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. त्यात १ पीपीएम क्लोरीन वाढवायला २५० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. शुद्ध क्लोरीन मोठ्या टँकवर सिलिंडरमधून येतं आणि मी त्याच्या वाटेला जात नाही. आमच्याकडे तीन वाटा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात एक-तृतीयांशाच्या आसपास क्लोरीन. म्हणून ती पाऊण किलो लागते. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन, दहा टक्क्यांचा असेल तर अडीच लिटर. आणि टीसीसीए, पांढरे दाणे किंवा चकत्या, नव्वद टक्के; ती पावणेतीनशे ग्रॅमच पुरते. रोज सांभाळायचं मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम.

प्रत्येकीला शेपूट आहे. टीसीएलमध्ये चुना असतो. ती बादलीत भिजवायची, खडे फोडायचे, तास-दोन तास बसू द्यायची आणि वरची निवळी तेवढीच टँकमध्ये सोडायची. घाईने सगळी बादली उपडी केली, की चुन्याचा रेंदा फिल्टरच्या वाळूत जाऊन बसतो. हायपो उन्हात मरतो. एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवलेल्या कॅनवर '१२ टक्के' छापलेलं असलं तरी आत किती उरलंय याचा भरवसा नाही. टीसीएल आणि हायपो दोन्ही पीएच वर चढवतात, टीसीसीए खाली ओढते. तिसरीचं आणखी एक मोठं शेपूट आहे. त्याकडे येतेच.

किती टाकायचं ते झालं. टाकलेल्यातलं कामाला किती येतं, हे पीएच ठरवतो. डोळे फसतात ते इथे. पाण्यात गेल्यावर क्लोरीनची दोन रूपं होतात, हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. जंतूंचा समाचार घेतं ते पहिलं. दुसऱ्याची ताकद त्याच्या ऐंशीव्या-शंभराव्या हिश्शाएवढी. ७.२ पीएचला सुमारे दोन-तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतं. ७.५ ला निम्मं. ८ ला जेमतेम चौथाई. ८.५ ला दहावा हिस्सा. म्हणजे डीपीडीवर २ पीपीएमचा ऐटबाज गुलाबी रंग आला आणि पीएच ८.५ असला, तर राखणीवर आहे ०.२. पाणी मात्र तितकंच नितळ दिसतं. आमचे मामा जुन्या वळणाचे, ते म्हणायचे, "मॅडम, तुरटी फिरवली की कसं काच होतं पाणी!" होतंच. तुरटी गढूळपणाचे कण एकत्र करून तळाला बसवते, सकाळी व्हॅक्यूम मारला की तळाच्या टाइल्स मोजून घ्याव्यात. पण जंतू मारणं हे तुरटीचं काम नव्हे, आणि जाताना ती पाण्याची अल्कलिनिटी खाऊन जाते.

आपल्या डोळ्यांतल्या पाण्याचा पीएचही ७.४ च्या आसपासच असतो. त्यामुळे ७.२ ते ७.६ हा पट्टा जंतूंना वाईट आणि डोळ्यांना बरा, असा दुहेरी सोयीचा आहे. तो बघायला फिनॉल रेडचे थेंब: पिवळं झालं तर आम्लाकडे झुकलंय, केशरी-लाल म्हणजे ठीक, गर्द गुलाबी म्हणजे चढलंय. क्लोरीन फार असेल तर मात्र हा थेंबही जांभळा पडून भलतंच सांगतो. म्हणून पीएच डोस देण्याआधी, पहाटेच बघून घ्यावा.

पीएच खाली आणायला ॲसिड. बाजारातलं हायड्रोक्लोरिक, ३० ते ३३ टक्के. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. कधीही उलट नाही. पंप चालू ठेवून, खोल बाजूच्या कडेने चालत, वारा पाठीवर घेऊन थोडं-थोडं सोडायचं. आता काही टँकवर असं होतं की सोमवारी ॲसिड टाकून पीएच ७.३ वर आणला, बुधवारी ८. पुन्हा ॲसिड, पुन्हा चढ. दुसरीकडे उलट प्रकार, अर्धा लिटर ॲसिड टाकलं तर सुई ६.८ वर कोसळते. दोन्ही ठिकाणी दोष पीएचचा नसतो, अल्कलिनिटीचा असतो. पाण्यात बायकार्बोनेट किती आहे, त्यावर पीएच किती हट्टीपणे एका जागी बसणार ते ठरतं. ८० ते १२० पीपीएम असावी. कमी असेल तर खाण्याचा सोडा. हो, तोच, भजीतला. लाख लिटरला १० पीपीएम वाढवायला १ किलो ७०० ग्रॅम. अल्कलिनिटी ४० वर आलेल्या अडीच लाख लिटरच्या टँकला १०० वर न्यायचं तर पंचवीस किलोची गोण लागते. मंडईतल्या एका किराणा दुकानदाराकडून मी सुरुवातीला अशा गोणी घ्यायचे. त्याची समजूत होती की माझं ढोकळ्याचं मोठं काम आहे.

लोक धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत गल्लत करतात. धुण्याचा सोडा पीएचच धाडकन वर नेतो. अल्कलिनिटी कमी आणि पीएच बरा असेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

अल्कलिनिटी हा शब्द ऑगस्ट २०१६ मध्ये जगभर गाजला होता. रिओ ऑलिम्पिकमध्ये मारिया लेंक जलतरण केंद्रातला डायव्हिंगचा टँक ९ ऑगस्टला हिरवा झाला. शेजारचा वॉटरपोलोचा टँक निळा, हा हिरवा, आणि टीव्हीवर दोन्ही एका चौकटीत. दुसऱ्या दिवशी निळ्यानेही रंग बदलला. आयोजक आधी शेवाळं म्हणाले, मग अल्कलिनिटी. जागतिक जलतरण महासंघ म्हणाला, की कसली तरी रसायनं संपली होती. खरं कारण नंतर बाहेर आलं. ५ ऑगस्टला, उद्घाटनाच्या दिवशी, कंत्राटदाराच्या माणसाने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड स्वतः चांगलं जंतुनाशक आहे, काही टँकवर क्लोरीनऐवजी तेच वापरतात. पण दोघांची भेट झाली की ते एकमेकांना खातात आणि उरतो ऑक्सिजन, पाणी आणि मीठ किंवा आम्ल. राखणदार गेला, वर उबदार पाणी आणि पोहणाऱ्यांची वर्दळ. सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून शेजारच्या सरावाच्या टँकमधलं पाणी आणावं लागलं, कारण कलात्मक जलतरणाच्या स्पर्धा तोंडावर होत्या आणि पाण्याखाली जोडीदार दिसल्याशिवाय ती स्पर्धाच होत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्या आठवड्यात एकमेकांना जितके फोन केले असतील तितके पुन्हा केले नाहीत.

हिरवं पाणी निदान ओरडून सांगतं. मला खरी धास्ती वाटते ती निळ्या पाण्याची, ज्यात सगळे आकडे बरोबर आहेत. टीसीसीएचं मोठं शेपूट म्हणाले होते, ते हे. उघड्या टँकमधलं मोकळं क्लोरीन उन्हात टिकत नाही; कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त उडतं. सायन्युरिक आम्ल ते धरून ठेवतं, म्हणून त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ३० ते ५० पीपीएम असलं की पुष्कळ झालं. टीसीसीएच्या प्रत्येक कणात क्लोरीनबरोबर हे आम्लही असतं. १ पीपीएम क्लोरीन मिळालं, की सोबत ०.६ पीपीएम सायन्युरिक. क्लोरीन वापरून संपतं. सायन्युरिक संपत नाही, उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. रोज २ पीपीएमचा डोस धरला तर महिन्याला ३६. तीन महिन्यांत शंभरी पार. मग क्लोरीनची अवस्था मोडता न येणाऱ्या फिक्स्ड डिपॉझिटसारखी होते: पासबुकात आकडा भरगच्च, हातात खर्चायला दमडी नाही. डीपीडी सगळी रक्कम मोजून दाखवते, त्यामुळे वहीत ३ पीपीएम आणि भिंतीवर हात फिरवला तर बुळबुळीत.

शहराच्या पूर्वेच्या एका सोसायटीत मला असंच बोलावलं होतं. आधीचा कंत्राटदार वर्षभर फक्त चकत्या टाकत होता; काम सोपं, वास नाही, हात खराब होत नाहीत. कोपऱ्यांत हिरवट पदर, पायऱ्यांवर घसरण, दोन मुलांचे कान दुखत होते. सायन्युरिकची तपासणी बघायला मजेदार असते. टँकचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण सारखं घेऊन हलवलं की ते दुधाळ होतं. तळाला काळा ठिपका असलेली एक उभी नळी असते. वरून बघत हे दुधाळ पाणी तिच्यात ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून बाजूचा आकडा वाचायचा. जितक्या लवकर ठिपका बुडेल तितकं सायन्युरिक जास्त. त्या दिवशी नळीतला सगळ्यात खालचा, १०० चा आकडासुद्धा गाठला नव्हता, तोच ठिपका गायब. सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "मग काय औषध टाकायचं?"

औषध नाही. पाणी काढायचं आणि नवं भरायचं. निम्मं काढलं तर निम्मं होतं. अडीच लाखांचं निम्मं सव्वा लाख, म्हणजे दहा हजारी टँकरचे बारा-तेरा. बैठकीत आवाज चढले. एक गृहस्थ म्हणाले, शहरात पाण्याची बोंब असताना सव्वा लाख लिटर गटारात सोडायला लाज वाटली पाहिजे. ते चुकीचं बोलत नव्हते. उन्हाळ्यात टँकरने टँक भरताना मलाही बरं वाटत नाही. शेवटी चकत्या त्या दिवसापासून बंद केल्या, हायपो सुरू केला, टँक जुलैपर्यंत बंद ठेवला. काढलेलं पाणी क्लोरीन उतरू देऊन फ्लशच्या टाकीत आणि पार्किंग धुवायला वापरलं, आणि गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याने भर घातली. पावसाचं पाणी कोरं असतं, त्यात ना अल्कलिनिटी ना कॅल्शियम. म्हणून पाठोपाठ सोड्याच्या गोणी आल्याच.

कॅल्शियमचं गणित पुण्यात पाणी कुठून आलं यावर फिरतं. धरणाचं नळाचं पाणी तुलनेने हलकं; काळ्या पाषाणातून वर आलेलं बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. जड पाण्याचा थर टाइलच्या पाणरेषेवर पांढरा चढतो, नखाने निघत नाही, आणि सोलर हीटरच्या नळ्या आतून अरुंद करतो. हलकं पाणी उलट वागतं. त्याला कॅल्शियमची भूक असते आणि ते ती टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटवर भागवतं. पायाला खरखरीत लागलं की समजायचं. विल्फ्रेड लँगेलिअर या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने १९३६ मध्ये शहरांच्या पाण्याच्या नळांसाठी एक निर्देशांक मांडला. पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांचा एकत्र हिशोब. तोच आम्ही टँकला लावतो. पीएच ७.५, पाणी २७ अंशांच्या आसपास, कॅल्शियम २५०, अल्कलिनिटी १००: उत्तर +०.१ येतं. उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असलं की पाणी थरही देत नाही आणि सिमेंटही खात नाही.

मोरचुदाबद्दल एवढंच. द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रणातून ओळखीचं असलेलं हे निळं मीठ शेवाळं मारतं आणि स्वस्त आहे, म्हणून पाऊस सुरू झाला की टँकमध्ये मुठीमुठीने पडतं. पोहणाऱ्या मुलींचे केस हिरवट होतात ते त्यातल्या तांब्याने. शिव्या मात्र क्लोरीन खातं.

औषधांची खोली बघितल्याशिवाय मी कुठलंही काम घेत नाही. टीसीएल आणि टीसीसीए दोन्ही पांढऱ्या, दोन्ही क्लोरीनच्या, म्हणून एकाच पिंपात ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. या दोघी एकत्र आल्या आणि वर ओल लागली तर भडका उडू शकतो, स्फोटही. ॲसिडच्या कॅनशेजारी हायपोचा कॅन, आणि दोघांसाठी एकच मग! मगात तळाशी उरलेल्या ॲसिडवर हायपो पडला, की तिथल्या तिथे क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला होता तोच. मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा मग देते, तो दोरीने त्याच्या त्याच्या पिंपाला बांधते, आणि ॲसिड खोलीच्या बाहेर, जाळीच्या कपाटात ठेवते. मामांना पहिल्यांदा ते सोवळ्याओवळ्यासारखं वाटलं. आता नव्या पोराने मग सोडला तर तेच त्याच्यावर खेकसतात.

तुमच्या टँकवर रसायनं हाताळायची तुम्हाला गरज नाही. पण उतरण्याआधी दोन गोष्टी बघता येतात. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही, मग पाणी कितीही शुद्ध असो. आणि नोंदवही मागा. पहाटेचा, दुपारचा, संध्याकाळचा आकडा वेगवेगळा असणार. रविवारी अडकलेलं क्लोरीन वाढलेलं असणार, कडक उन्हाच्या दुपारी मोकळं उतरलेलं असणार. पानभर ७.४ आणि २.० असेल, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, तर ती वही महिन्याच्या शेवटी चहा पिता-पिता एका बैठकीत भरली आहे. मग चारशे-पाचशे रुपयांची तपासणीच्या पट्ट्यांची बाटली स्वतः आणा आणि सेक्रेटरींसमोर एक पट्टी पाण्यात बुडवा.